वेग विकत घ्यावा की घडवावा?

गेल्या नाताळच्या सुटीत आमचा पुतण्या सांगलीहून साताऱ्यास आला, तो करंज्यांचा डबा आणि एक अवघड प्रश्न बरोबर घेऊनच आला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तो तीन वर्षे नोकरी करीत आहे, आणि पगारातून शिल्लक टाकून मोटारीपुरती रक्कम त्याने जमविली आहे. चहा होताच तो म्हणाला, "काका, साधी गाडी घेऊन ती गॅरेजात वाढवून घ्यावी, की आणखी दोन वर्षे थांबून कंपनीनेच वेगवान करून दिलेली गाडी घ्यावी? तुम्ही मुलांना विज्ञान शिकवता, तुम्हीच सांगा."

आम्ही काही वेळ निरुत्तर झालो. प्रश्न नवा होता म्हणून नव्हे. तर याच प्रश्नाचे उत्तर आम्ही तरुणपणी एकदा दिले होते आणि ते साफ चुकले होते म्हणून.

सन २००८ मध्ये आम्ही एक जुनी मारुती ८०० विकत घेतली. ७९६ घनसेंटिमीटरचे ते चिमुकले इंजिन आमच्या संसारास पुरेसे होते. परंतु आमच्या हौसेस ते पुरेना. मित्रांच्या सल्ल्याने आम्ही मूळची चाके काढून रुंद चाके बसविली, स्प्रिंगा कापून गाडी चार बोटे खाली आणली, आणि सायलेन्सर असा बदलला की गल्लीच्या टोकास गाडी वळताच घरात आमच्या आगमनाची वर्दी पोहोचावी. पुढे २०१० च्या पावसाळ्यात कासहून परतताना आम्ही यवतेश्वरचा घाट उतरत होतो. मागच्या आसनावर पत्नी आणि तिच्या मांडीवर आठ महिन्यांची आमची कन्या होती. एका वळणावर भरलेली गाडी कलली, रुंद चाक वरच्या पत्र्यास घासून अडकल्यासारखे झाले, आणि सुकाणू हवे तितके वळेना. ब्रेक मूळचेच होते. आम्ही त्यांस हातही लावला नव्हता. ईश्वरकृपेने गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

घरी येईपर्यंत पत्नी एक शब्दही बोलली नाही. मुलीस निजविल्यावर तिने शांतपणे विचारले, "अहो, पळण्यासाठी एवढा खर्च केलात, थांबण्यासाठी काय केलेत?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी त्या दिवशी नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात मूळची चाके आणि नव्या स्प्रिंगा गाडीस पुन्हा बसविण्यात आल्या.

ही हकीकत पुतण्यास सांगून आम्ही त्याच्या प्रश्नाकडे वळलो. कोणतीही बाजू न ऐकता निकाल देणे शिक्षकास शोभत नाही. म्हणून प्रथम आम्ही उभयता एका जाणत्या मेकॅनिककडे गेलो. त्याने प्रामाणिकपणे सर्व उलगडून सांगितले. हल्लीच्या मोटारीत इंधन किती व केव्हा द्यावयाचे हे एक लहानसा संगणक ठरवितो. त्यातील आज्ञा बदलण्यास गॅरेजवाले रीमॅप म्हणतात. इंजिनास टर्बो, म्हणजे हवा दाबून आत घालणारा पंखा, असेल तर तो दाब वाढवून शक्ती बरीच वाढविता येते; टर्बो नसेल तर हाती फारसे काही लागत नाही. मात्र वाढलेली शक्ती एकटी येत नाही. तिच्याबरोबर उष्णता वाढते, क्लचवर ताण येतो, गिअरबॉक्सवर भार पडतो, आणि कंपनीची हमी गमावण्याची पाळी येते. विमा कंपनीस न कळविता बदल केले तर अपघातानंतर भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो, तो निराळाच.

मग कंपनी अधिक पैसे घेऊन निराळे असे काय देते? दोन उदाहरणे आम्ही पुतण्यापुढे ठेविली. सन २०१८ मध्ये टाटा कंपनीने कोइमतूरच्या जयेम कंपनीच्या साहाय्याने टियागो गाडीची वेगवान आवृत्ती काढली. साध्या टियागोची शक्ती ८५ अश्व, तर हिची ११४. परंतु केवळ इंजिन बदलून ते थांबले नाहीत. गिअरांचे प्रमाण, टायरांची रुंदी आणि सस्पेन्शन हीही त्या शक्तीस अनुरूप करून घेतली. दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. सन २०२१ मध्ये हुंदाई कंपनीने आय-२० गाडीची एन लाइन ही आवृत्ती आणली. साध्या टर्बो आय-२० ची शक्ती १२० अश्व होती आणि हिचीही १२० च. अश्वशक्ती एकानेही वाढविली नाही! वाढविले ते सस्पेन्शनचे काठिण्य आणि सुकाणूचे वजन. शिवाय चारही चाकांस डिस्क ब्रेक बसविले. म्हणजे आमच्या पत्नीने २०१० साली विचारलेला प्रश्न त्या कारखान्यातील अभियंत्यांनी आधीच स्वतःस विचारला होता.

कायद्याचे म्हणणेही पाहणे प्राप्त होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे की, नोंदणीपत्रातील तपशील आणि निर्मात्याने ठरविलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात हेच तत्त्व उचलून धरले.

तेव्हा पुतण्या किंचित हिरमुसला आणि म्हणाला, "म्हणजे स्वतःच्या हाताने काही करूच नये का, काका?"

हा आक्षेप मात्र खरा होता, आणि त्याचे उत्तर त्याच्याच जिल्ह्यात होते. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या देवराष्ट्रे गावी दत्तात्रय लोहार नावाचे कारागीर राहतात. मुलाची हौस पुरविण्यासाठी त्यांनी भंगारातील सुटे भाग जमवून, सुमारे ६० हजार रुपये खर्चून, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी एक चिमुकली जीप घडविली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्या कौशल्याची वाखाणणी केली. परंतु ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबास ती बोलेरो मिळाली.

या घटनेचा अर्थ आम्ही पुतण्यास असा सांगितला : हाताने घडविलेल्या गाडीचा मान मोठा ठरला, परंतु मुलाबाळांना घेऊन रस्त्यावर जाण्यासाठी मिळाली ती कारखान्यात तपासून निघालेली गाडी. दोहोंपैकी कोणतीच गोष्ट खोटी नाही. त्यांच्या जागा निरनिराळ्या आहेत. आपल्या हातास शिकण्याचा अधिकार आहे. मात्र त्या शिक्षणाचे शुल्क मागच्या आसनावर बसलेल्या माणसांनी भरावे हे न्याय्य नव्हे. साधी गाडी घेऊन तीत सुधारणाच करावयाची, तर आरंभ कंपनीने संमत केलेल्या मापाचे उत्तम टायर आणि चांगले ब्रेक पॅड यांपासून करावा. त्याने कोणाचे नियम मोडत नाहीत आणि कोणाचा जीवही धोक्यात येत नाही.

शेवटी त्याने मधला मार्ग काढला. नव्या गाडीसाठी कर्जाचा डोंगर उभारण्याऐवजी त्याने, कंपनीनेच वेगवान म्हणून विकलेली, पण तीन वर्षे वापरलेली गाडी घेतली. तिची किंमत नव्या साध्या गाडीच्या आसपासच पडली. आणि हातांची खाज भागावी म्हणून आमच्या परसात गंजत पडलेली जुनी स्कूटर तो टेम्पोत घालून सांगलीस घेऊन गेला. तिचे इंजिन त्याने दोनदा उघडले असून एकदा पुन्हा जोडले आहे, असे परवाच्या पत्रात लिहिले आहे!

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या हाती आणखी काही वर्षांनी वाहनाचे सुकाणू येईल. तुमचा वेग वाढवून देणारे लोक तुम्हांस ठिकठिकाणी भेटतील, आणि ते केवळ गॅरेजातच भेटतील असे नाही. त्यांचे म्हणणे जरूर ऐका. परंतु पैसे देण्यापूर्वी त्यांस एक प्रश्न अवश्य विचारा : थांबण्यासाठी तुम्ही काय केलेत? आम्हांस तो विचारावयास घाटातील एक वळण लागले. तुम्हांस या मासिकाचे एक पान पुरे व्हावे, इतकीच आमची इच्छा आहे.