आधी साचा काढून ठेवू

रबराच्या साच्यातून काढलेलं मेण म्हणजे झेरॉक्स, असं मी अठरा वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले. वर्गात सांगितलं, परीक्षक म्हणून गेले तिथे सांगितलं, एका दिवाळी अंकात तर चार पानं भरून लिहिलं. आज मला तसं वाटत नाही. नुसतं मत बदललं असतं तर गप्प बसले असते. पण त्या मताची किंमत माझ्याबरोबर दुसऱ्यांनीही मोजली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी शिल्पकार आहे, माणसांचे चेहरे करते. ब्राँझ ओतण्याची जी रीत मी वापरते ती फार जुनी. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचं किंवा प्लास्टर-सुरखीचं जाड कवच चढवायचं, भट्टीत भाजून मेण घालवायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. आपल्या ग्रंथांत हिचं नाव मधूच्छिष्टविधान. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचं उष्टं, मेण. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मेणाला नळ्या जोडणं, मातीचे थर देऊन सावलीत वाळवणं, मेण आधी तोलून त्यावरून धातू ठरवणं, असं सगळं क्रमाने सांगितलं आहे. आम्ही आजही मेण तोलतो. ब्राँझ मेणाच्या जवळपास नऊ पट जड, म्हणून किलोभर मेणामागे दहा किलो धातू मुशीत घालायचा.

या रीतीला दोन वाटा आहेत, आणि माझा सगळा हट्ट त्यांच्यातल्या फरकावर उभा होता. पहिली थेट: हातांनी घडवलेलं मेण तेच भट्टीत जातं. ओतणं फसलं तर मेणही गेलं आणि काम संपलं. दुसरी वाट जरा लांबची: मूळ काम शाडूत किंवा प्लास्टरमध्ये करायचं, त्यावरून रबराचा साचा काढायचा, त्या साच्यात मेण फिरवून मेणाची प्रत काढायची आणि ती प्रत भट्टीत घालायची. मूळ काम नाही राहिलं तरी साचा मागे राहतो. मला पहिली वाट खरी वाटायची, दुसरी भित्र्यांची.

हे मत आभाळातून पडलं नव्हतं. विद्यार्थिदशेत मुंबईच्या संग्रहालयात दायमाबादचे प्राणी पाहिले. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार वस्तू सापडल्या: दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव, मिळून ६० किलोंहून अधिक वजन. वयाबद्दल विद्वानांत वाद आहेत, पण कुठल्याही बाजूने मोजलं तरी ते फार जुनं काम आहे. हत्तीच्या पायांखालच्या पाटाला आसाची भोकं आहेत, चाकं मात्र नाहीत. त्या हत्तीसमोर उभी असताना मला एकच गोष्ट दिसत होती: हे कुणीतरी एकदाच केलं, साचा फोडला, आणि पुन्हा असा हत्ती झाला नाही. त्या ‘एकदाच’वर मी भाळले.

मग कोंडागावला गेले. बस्तरचे घडवा कारागीर गाभ्यावर मेणाची तार शेजारी शेजारी बसवत जातात. सुतासारखी बारीक, बोटाखाली दाबली जाते तेवढी. शिल्पकार मीरा मुखर्जी म्युनिकहून शिकून आल्यावर याच लोकांकडे पुन्हा शिकायला बसल्या होत्या आणि ती तार त्यांनी माणसाहून मोठ्या शिल्पांपर्यंत नेली, हे मला पाठ होतं. त्यांच्यासारखं व्हायचं होतं. नंतर कुंभकोणमजवळच्या स्वामीमलईत दीड महिना राहिले. तिथे मूर्ती भरीव ओततात, मेणात राळ आणि शेंगदाण्याचं तेल घालतात, आणि पहिला लेप कावेरीच्या गाळाचा. तो गाळ इतका मऊ, की मेणावर उमटलेली नखाची रेघसुद्धा धातूत उतरते. परत आले ती पक्की होऊन. मेण गेलं पाहिजे आणि त्यासोबत परतीची वाटही गेली पाहिजे, तरच ओतलेल्या धातूला अर्थ, असं म्हणू लागले.

माझ्या आत्याने मला वाढवलं. ती ८४ वर्षांची असताना मी तिचं डोकं करायला घेतलं. ती अकरा दुपारी बसली. खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून, मांडीवर शेंगांचं सूप. मी प्लास्टर-सुरखीचा गाभा उभा करून त्यावर थेट मेण लावत होते. तिचे गाल आत गेलेले, दात काढल्यामुळे ओठ मुडपलेले, आणि डाव्या भुवईखाली लहानपणी विळी लागल्याची खाच. ते गाल जसे होते तसे मिळावेत म्हणून मी मेण खरवडत, खरवडत पातळ करत गेले. अकराव्या दिवशी तिने उठून पाहिलं आणि म्हणाली, “ही तर माझी आई.” इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

आमच्या ओतकामाचं सगळं एक वयस्क ओतारी बघतात. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मूस आहे. त्यांनी मेण हातात न घेता नुसतं भोवती फिरून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, आधी साचा काढून ठेवू. आत्याबाई परत बसतील न बसतील.” मी त्यांना माझं नेहमीचं भाषण ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली: कपाळावर आणि गालाजवळ रनर, म्हणजे रस आत नेणाऱ्या नळ्या, द्यावे लागतील, रस मागून येऊन पुढे पोचणार नाही. तेही मी नाकारलं. रनर कापल्यावर तिथे कानस चालते, छिन्नी चालते, आणि मला आत्याच्या चेहऱ्यावर माझ्या बोटांखेरीज काही नको होतं. सगळे रनर मी मानेला आणि डोक्याच्या मागे लावून घेतले. दरम्यान साचे भाजायचं पावसामुळे लांबत गेलं, आणि श्रावणात आत्या गेली.

साचा तीन दिवस भाजला. ओतलं तेव्हा मूस चांगली तापली होती, रंग बरोबर होता, रस एका धारेत गेला. मामांनी वर मान केली नाही. दुसऱ्या दिवशी कवच फोडलं तेव्हा मागचे केस, कान, मान, हनुवटी उत्तम आलेली, आणि डाव्या भुवईच्या खालून ओठांपर्यंत काहीच नाही. गालावर मी मेण जेमतेम दोन मिलिमीटर ठेवलं होतं. मागून निघालेला रस एवढ्या अरुंद फटीत येईपर्यंत थंडावला आणि थिजला. भुवईखालची खाच जिथे असायला हवी, तिथे गोल कडा असलेलं भगदाड होतं, आत सुरखीचा तांबडा गाभा.

मामा एकही शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

एका मैत्रिणीने सुचवलं, हे असंच प्रदर्शनात ठेव, अपुरेपणालाही सौंदर्य असतं. मी नाही म्हटलं. अपुरेपणाचं सौंदर्य मला कळतं, पण मी ते केलेलं नव्हतं. मी एका बाईचा चेहरा केला होता आणि तो घालवला होता. ते डोकं अजून माझ्याकडे कपाटात आहे.

त्यानंतर बरेच महिने मी स्वतःला समजावत राहिले, की हीच तर या कामाची रीत, मी धोका पत्करला आणि हरले. या समजुतीला तडा गेला तो माझ्याच जुन्या वहीमुळे. स्वामीमलईतली एक नोंद सापडली. एका स्थपतींच्या ओतलेल्या देवीचा हात कोपरापाशी भरला नव्हता. त्यांनी मूर्ती दोनदा फिरवून पाहिली, पुन्हा वितळवायच्या धातूत ठेवली, आणि संध्याकाळी नवं मेण मळायला घेतलं. शेजारी मी लिहिलं होतं: ‘केवढं हे वैराग्य!’

ते वैराग्य नव्हतंच. त्यांच्याकडे नारळाच्या झावळीची पट्टी होती, घड्या घालून मापं पाडलेली. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, देवीचे ताल किती, तालाचे भाग किती, सगळं ठरलेलं. ध्यानश्लोक पाठ होता. वडिलांनी, आजोबांनी तीच देवी केलेली होती. मेण गेलं तरी त्यांचं काही गेलं नव्हतं, कारण त्यांचा साचा कधी भट्टीत जातच नाही. कोंडागावचा कारागीरही तोच हत्ती जन्मभर करतो. प्रत्येक वेगळा निघतो हे खरं, पण एक बिघडला तर हत्ती संपत नाही. त्या ‘एकदाच’चं कौतुक संग्रहालयातल्या काचेबाहेर उभ्या असलेल्या मला होतं, त्यांना नव्हतं. दायमाबादच्या हत्तीसारखे आणखी किती हत्ती त्या माणसाने केले असतील, हा प्रश्न मला विसाव्या वर्षी पडायला हवा होता.

आत्याचा ध्यानश्लोक कुठेच लिहिलेला नव्हता. तिच्या गालांचं माप कुठल्या झावळीवर नव्हतं. ते फक्त त्या मेणात होतं. ज्यांच्यामागे पिढ्यांचा साचा उभा आहे त्यांची निर्भयता मी उसनी आणली, आणि ती वापरली जिथे मागे काहीच नव्हतं तिथे.

याच सुमारास देगाचं प्रकरण मी पुन्हा नीट वाचलं. हा फ्रेंच चित्रकार आयुष्यभर मेणात मूर्ती करत राहिला आणि ब्राँझ त्याने एकही ओतून घेतलं नाही. १८८१ साली लोकांसमोर ठेवलेली चौदा वर्षांची नर्तिकासुद्धा मेणाचीच, अंगावर खरे कपडे घातलेली. १९१७ साली तो गेला तेव्हा स्टुडिओत दीडशेच्या आसपास कामं निघाली, कित्येक तुटकी. वारसांनी त्यांतली सत्तरच्या वर पॅरिसच्या एब्रार ओतशाळेत ओतून घेतली. मूळ मेणं त्यात गेली असंच लोक धरून चालले होते. १९५५ साली ती बाहेर आली. तिथला ओतारी आल्बिनो पालाझ्झोलो याने मूळ मेणाला हात न लावता जिलेटिनचे साचे काढले होते आणि त्यातून काढलेली मेणं भट्टीत घातली होती. देगाच्या अंगठ्याचे ठसे असलेली ती मूळ कामं आज बरीचशी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. पालाझ्झोलो माझ्यासारखा विचार करणारा असता तर ती नसती. त्याच्या जागी मी मामांना पाहते.

पण साचा म्हणजे नुसती राखीव प्रत, एवढंच कबूल करून मी सुटले असते तरी ते अर्धंच झालं असतं. गेल्या हिवाळ्यात मामांनी मला त्यांच्यासमोर बसवून साच्यातून मेण काढायला लावलं. पातळ मेण साच्यात ओतायचं, साचा फिरवायचा, जादा मेण परत ओतून द्यायचं, पुन्हा ओतायचं. थर आतून चढत जातो. बाहेरून गाल कितीही खोल असो, मेणाची जाडी सगळीकडे सारखी पाच मिलिमीटर राहते. गाभा त्यानंतर आत ओतायचा. म्हणजे साचा काढला असता तर आत्याचं मेण वाचलं असतं एवढंच नाही, तिचं ओतकामही बहुधा पहिल्याच फेरीत आलं असतं. मी ज्या गालांसाठी मेण खरवडत होते, त्या गालांनाच या रीतीने न्याय मिळाला असता.

आणि साच्यातून निघालेलं मेण झेरॉक्स नसतं. त्यावर जोडाची रेघ असते, हवेचे फुगे असतात, कडा बोथटलेल्या असतात. पापणी पुन्हा उघडावी लागते, नाकपुडी पुन्हा कोरावी लागते. ते करताना हात थांबतो, आणि मूळ कामात जे दिसलं नव्हतं ते दिसतं. मी एका डोक्याची तीन मेणं काढली. तिसऱ्यात ओठ अधिक मिटले, आणि तेच खरे होते.

काही गोष्टींवर मी अजून ठाम आहे. ओतलेल्या ब्राँझवरूनच पुन्हा साचा काढून नवं ब्राँझ ओतणं मला मान्य नाही. धातू थंड होताना दीडेक टक्का आकसतो, दर फेरीला काम लहान आणि मऊ होत जातं. किती प्रती काढायच्या त्यालाही अंत हवा. फ्रान्समध्ये आठ क्रमांकित आणि चार कलाकाराच्या, अशा बारांनाच मूळ ब्राँझ मानतात; मी आठांवर थांबते.

माझ्या त्या मताची किंमत मोजणाऱ्या एका विद्यार्थ्याबद्दल सांगायचं राहिलं. अखेरच्या वर्षाच्या परीक्षेला त्याने ऊसतोड करणारी बाई केली होती, डोक्यावर मोळी. रबराच्या एकाच साच्यातून तीन मेणं, प्रत्येकीत मोळी सावरणारा हात वेगळा: एकीचा ताठ, एकीचा थकलेला, एकीने सोडून दिलेला. साच्यातून मेण काढल्यावर त्यात काय करता येतं, हे त्याला बाविसाव्या वर्षी कळलं होतं. मी शेऱ्यात ‘प्रतिकृती’ असा एक शब्द लिहिला आणि गुण कापले. ती मेणं ओतली गेली नाहीत. तो आता फायबरचे पुतळे करतो, चौकांतले.

दिवाळीनंतर मी त्याला फोन केला. हे सगळं सांगितलं, माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मी विचारलं, साचा आहे का अजून? ओतायचा खर्च माझा, मेणावरचं काम तुझं. म्हणाला, “गावच्या घरी माळ्यावर असेल मॅडम, रबर कितपत राहिलंय माहीत नाही. बघतो.”

मामांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, की साचा किती भागांचा आहे.