दहा बँका आणि एक मामा

दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये असं आपल्याला लहानपणी शिकवतात आणि वाढवतात मात्र दोन खोल्यांच्या घरात. आमच्या चाळीत भिंती नावालाच होत्या. शेजारचं भांडण अर्ध्यावर थांबलं तर आमच्याकडे जेवणं थांबायची. पुढचं कळल्याशिवाय भात घशाखाली उतरत नसे. त्यामुळे परक्यांचं बोलणं ऐकण्यासाठी अमेरिकेत चक्क दुकानात यंत्र मिळतं, त्याला स्कॅनर म्हणतात आणि त्यासाठी लोक सातशे सातशे डॉलर मोजतात हे ऐकून मला त्या देशाची दया आली. घरं इतकी लांब लांब बांधल्यावर दुसरं काय होणार!

मी अमेरिकेत कसा पोचलो ते आधी सांगून टाकतो. बँकेतल्या क्लार्कनं अमेरिकेचं नाव काढलं की लोक उगाच कॅशचा हिशोब आठवायला लागतात. माझे भुसावळचे मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मामी गेल्यापासून एकटेच राहतात आणि डॉक्टरांना ते मान्य नाही. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांना सहा महिन्यांसाठी लेकीकडे, न्यू जर्सीत एडिसनला न्यायचं ठरलं. एकट्यानं विमानात बसायला मामा तयार नव्हते. तेव्हा ताईनं, म्हणजे माझ्या मामेबहिणीनं, सोबत म्हणून माझं तिकीट काढलं. मी महिन्याची रजा टाकली. साहेबांनी अर्जावर कारण विचारलं. मी लिहिलं, ‘मामा’.

मामा मध्य रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. कंट्रोलर म्हणजे स्टेशन मास्तर नव्हे, ड्रायव्हर नव्हे. बंद खोलीत बसायचं, कानाला हेडफोन, पुढ्यात भला मोठा कागदी चार्ट. चार्टच्या एका कडेला स्टेशनं, दुसऱ्या कडेला वेळ. मास्तर फोनवरून गाडी सुटल्याचं सांगतो आणि कंट्रोलर पेन्सिलीनं गाडीची रेघ पुढे ओढतो. कुठली थांबवायची, कुठली पुढे काढायची, हे त्या रेघा बघून ठरवायचं. डोळ्यांना एकही गाडी दिसत नाही, सगळ्या नुसत्या ऐकू येतात. असं चौतीस वर्षं. मामी म्हणायच्या, ह्यांना माणूस समोर बसून बोलला तर समजत नाही. दुसऱ्या खोलीत जाऊन ओरडावं लागतं.

अशा माणसाला एडिसनच्या घरात बसवलं. सकाळी आठला ताई आणि भाऊजी कामावर, नात शाळेत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मामा खिडकीत बसत. चौथ्या दिवशी मला म्हणाले, “मी इथं पार्सल आहे रे. उतरवून घेतलंय, पण ताब्यात घ्यायला कुणी येत नाही.” सहाव्या दिवशी तिकीट बदलायला किती दंड पडतो ते विचारलं. ताईनं ते ऐकलं आणि काही न बोलता भांडी घासायला लागली. त्या घरात भांडी घासायला यंत्र होतं.

रात्री आम्हा दोघांना झोप येत नसे. दीडेक मैलावर रेल्वेची लाइन होती. तिकडून भोंगा आला की मामा अंधारात म्हणायचे, “मालगाडी. लांबलचक आहे.” बास, दिवसभरातलं त्यांचं तेवढंच बोलणं.

भाऊजींना बरेच दिवसांपासून स्कॅनर घ्यायचा होता, पोलिसांचं ऐकायला. मामांचं निमित्त झालं आणि निवडीचं काम बँकवाल्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. पैशाचं काही निघालं की बी. कॉम. माणसाला पुढे करतात. भाऊजींची नजर युनिडेनच्या एसडीएस १०० वर होती. २०१८ साली आलेलं यंत्र, डिजिटल, ट्रंकिंगसह, सातशे डॉलरच्या घरात. ट्रंकिंग त्यांनी मला अर्धा तास समजावलं. मला ते दोन मिनिटांत कळलं, कारण आमच्या शाखेत तेच चालतं. पूर्वी प्रत्येक काउंटरला वेगळी रांग असे. आता रांग एक, काउंटर अनेक, आणि टोकनचं मशीन सांगतं की तुम्ही तीनवर जा. तिथं पोलिसांच्या एका गटाचं बोलणं आत्ता एका फ्रिक्वेन्सीवर, पुढचं वाक्य दुसऱ्या. टोकनवाला चॅनेल सतत ऐकत राहून यंत्रानं त्यांच्यामागे धावायचं. साध्या स्कॅनरला ते जमत नाही. तो एकाच काउंटरसमोर उभा राहणाऱ्या पेन्शनरसारखा असतो.

पण मी चौकशी केली तेव्हा वेगळंच निघालं. पुष्कळ ठिकाणचे पोलिस आता बोलणं कुलूपबंद करून पाठवतात. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनीही २०२३ मध्येच ते सुरू केलं. त्या कुलपाला सातशेचं यंत्रही चालत नाही आणि सात हजारांचंही नाही. मी भाऊजींना म्हटलं, “लॉकर घ्यायचं आणि किल्ली कधीच मिळणार नाही, अशी ही योजना आहे.” ते गप्प झाले.

मामा मात्र पहिल्यांदाच खुर्ची ओढून जवळ आले. “रेल्वे कशावर बोलते?”

अमेरिकेतल्या रेल्वे बहुतेक १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, साध्या जुन्या एफएमवर. कुलूप नाही, टोकन नाही. त्याला बीसी १२५ एटी हे शंभर-सव्वाशे डॉलरचं, खिशात मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र पुरतं. स्कॅनर घेताना काय ऐकायचंय ते आधी ठरवावं आणि मग दुकानात जावं. लोक आधी दुकानात जातात.

कायद्याचीही चौकशी केली, तो माझा स्वभाव. घरात बसून ऐकायला तिकडे मुभा आहे, पण मोबाइलवरचं बोलणं ऐकायला १९८६ पासून बंदी. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी घेणारा रेडिओ गाडीत ठेवायला परवाना लागतो. आपल्याकडे तर १९३३ च्या कायद्यानं बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागे; वडिलांकडे साध्या रेडिओचं लायसन्सबुक होतं आणि ते रेशनकार्डाशेजारी ठेवलेलं असे. तेव्हा परत येताना असलं यंत्र बॅगेत टाकण्याचा मोह मी टाळला.

यंत्र आलं. त्यात पाचशे चॅनेल आणि ते ठेवायला, काय सांगू, दहा ‘बँका’! प्रत्येक बँकेत पन्नास खाती. पुढे मी विचारायचं काही उरलंच नाही. चॅनेलचा नंबर म्हणजे खातेक्रमांक, फ्रिक्वेन्सी म्हणजे शिल्लक, आणि ‘लॉकआउट’ म्हणजे गोठवलेलं खातं: सारखी बडबड करणाऱ्या चॅनेलवर तो शिक्का मारला की यंत्र त्याला वगळून पुढे जातं. अशी सोय आमच्या स्टाफरूमला असती तर!

भाऊजी म्हणाले, “कॉम्प्युटरला वायर जोडा, पाच मिनिटांत भरून देतो.” मामा म्हणाले, “नको. कंट्रोलरला सेक्शन पाठ पाहिजे.” मग तीन दिवस आम्ही दोघं बटणं दाबत बसलो. फ्रिक्वेन्सी, नाव, मग प्रकार. विमानांना एएम, रेल्वेला एफएम. यातली गंमत मामांना फार आवडली. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरदार तेवढा ऐकू येतो, दुसरा असल्याचा पत्ताच लागत नाही. एएमवर दोघंही मिळून किंचाळतात, म्हणून निदान गोंधळ झाल्याचं तरी कळतं. विमानांना तेच बरं. “आमच्या घरात एफएम होतं,” मामा म्हणाले. मामींच्या फोटोकडे त्यांनी बघितलं नाही, पण आवाज खाली आला.

मग ‘डिले’. समोरचा बोलायचा थांबला की यंत्रानं तिथंच दोनेक सेकंद रेंगाळायचं, नाहीतर प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर निसटतं. आणि स्क्वेल्च. ही सगळ्यात महत्त्वाची कळ. खरखर जेमतेम थांबेल एवढीच फिरवायची. जास्त आवळली तर खरखरीबरोबर लांबचे, क्षीण आवाजही बंद होतात. आमच्या हेडक्लार्कांनी ती पार शेवटपर्यंत आवळलेली आहे. त्यांना मॅनेजरखेरीज कोणाचं ऐकू येत नाही.

पहिल्या बँकेत रेल्वे. तिथल्या चॅनेलना मामांनी नावं दिली: बीएसएल, जेएल, सीएसएन, एमएमआर. म्हणजे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड. भाऊजी म्हणाले, “बाबा, हे एडिसन आहे.” मामा म्हणाले, “तुमच्यासाठी.” दुसरी बँक विमानांची, नेवार्कचा टॉवर ११८.३ वर. तिसरी हवामानाची. तिथं १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास एक यंत्र रात्रंदिवस हवा सांगत असतं, आणि ते ताईनं स्वयंपाकाच्या वेळेसाठी मागून घेतलं. बाकी सात बँका रिकाम्या. बँक उघडली म्हणून ठेवी येतात असं थोडंच आहे!

तिकडच्या इंग्रजीची मला धास्ती होती. मला खरोखरच काही कळत नव्हतं. मामांना पहिल्या तासापासून सगळं कळत होतं. “सिग्नलला उभी आहे. ट्रॅक ऑक्युपाय आहे म्हणतोय.” ड्रायव्हरनं सूचना शब्दन् शब्द परत म्हणून दाखवली की मामा मान डोलवायचे. फक्त एका गोष्टीवर नाराज होते: “प्रायव्हेट नंबर देत नाहीत हे लोक! एकमेकांच्या शब्दावर गाड्या चालवतात.” मालगाड्यांच्या लाइनीवर रुळाशेजारी एक यंत्र असतं. गाडी गेली की तापलेला ॲक्सल वगैरे तपासून ते स्वतःच रेडिओवर सांगतं, दोष नाही, ॲक्सल इतके. ते ऐकून मामा उठून उभे राहिले. भुसावळला हॉट ॲक्सलपायी किती रात्री गेल्या होत्या, ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. ताईनंही. नातीची चौकटीची वही आणि रंगीत पेन्सिली त्याच दिवशी गायब झाल्या.

मी रजा संपवून परत आलो. मार्चमध्ये फोन केला, “मामा, एप्रिलचं तिकीट पक्कं ना? की लवकरचं बघू?”

“थांब जरा,” मामा म्हणाले आणि फोन बाजूला ठेवला. मागे खरखर ऐकू आली, मग यंत्राचा सपाट आवाज, कसलासा मोठा आकडा. “ऑल राइट,” मामा म्हणाले. मला नव्हे. पाठोपाठ नात विचारत होती, “आजोबा, याची रेघ हिरवी काढू की लाल?” आणि मामा तिला मालगाडीचा रंग सांगत होते. मी फोन धरून बसलो होतो.