खोटं असलं तर काय बिघडतं?

सोसायटीचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, मावस-चुलत भावंडांचा ग्रुप... कुठलाही घ्या, एक मेसेज ठरलेला. "पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे." आणि खाली शेवटची ओळ : "खरंखोटं माहीत नाही, जसं आलं तसं पुढे पाठवतोय. सावध राहिलेलं बरं."

मला या शेवटच्या ओळीचं फार कुतूहल आहे. आपण सहसा म्हणतो, लोक बावळट आहेत, कशावरही विश्वास ठेवतात. पण नीट वाचा ना! हा माणूस विश्वास ठेवलाय असं म्हणतच नाहीये. त्याने चक्क हिशोब मांडलाय. खरं निघालं तर कुणाचं तरी पोर वाचेल. आणि खोटं निघालं तर? तर काय बिघडतं?

आमच्या धंद्यात याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. आग नसताना वाजलेली घंटा. कुठलीही अलार्म सिस्टीम बांधताना विचारायचं असतं, की खोटी घंटा वाजली तर किंमत किती आणि ती मोजणार कोण?

२०१८ च्या उन्हाळ्यात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. बाईकवरून दोघं येतात, रस्त्यात खेळणारं एक पोर उचलतात आणि पसार. हा व्हिडिओ मुळात कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने केलेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी बाईकवाले परत येतात, पोराला सोडतात आणि एक फलक दाखवतात : मूल पळवायला एक क्षण पुरतो. फिरणाऱ्या व्हिडिओत एवढाच शेवट कापलेला होता. खोटं बनवायला याहून जास्त काही लागलं नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. टोळीच्या अफवा त्या भागात आधीपासून मोबाइलवर फिरतच होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. त्यातली बहुतेक जण मूळची सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. पोलिसांनी सांगितलं त्यानुसार त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलायला गेला. बस्स. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मरेपर्यंत मारलं.

'काय बिघडतं'चं उत्तर हे आहे. आणि बघा, ही किंमत मेसेज पाठवणाऱ्याने मोजली नाही, वाचणाऱ्यानेही नाही. मोजली ती ज्यांना त्या गावात कुणी ओळखत नव्हतं त्यांनी. अफवेचं बिल नेहमी परक्याच्या नावावर फाटतं. म्हणून तर आपल्याला फॉरवर्ड फुकट वाटतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणायचं जाहीर केलं. (तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसं मावायची, म्हणजे पाच ग्रुप धरले तरी बाराशेच्या वर झाली!) पुढे एप्रिल २०२० मध्ये, खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अशा मेसेजेसचं फिरणं ७० टक्क्यांनी घटलं.

प्रोग्रामर म्हणून मला यातली गंमत वेगळीच दिसते. खरं कुठलं, खोटं कुठलं, हे तो कोड तपासतच नाही. मेसेज एन्क्रिप्टेड, आतलं त्याला दिसणारच नाही. त्याने फक्त अंगठ्याला थोडं जास्त काम लावलं. तेवढ्यानेच एवढे मेसेज थांबत असतील, तर ते कळकळीपोटी जात होते की निव्वळ सोपं होतं म्हणून?

काळजी खोटी असते असं मला म्हणायचं नाही. पोरांची काळजी कुणाला नसते? पण मग १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे फोन केलात तर पलीकडचा माणूस चार प्रश्न विचारतो : कुठे, कधी, कुणी पाहिलं? ग्रुपवर हे प्रश्न कुणी विचारत नाही. तिथून पुढे जाते ती नुसती भीती.

तर पुढच्या वेळी ती शेवटची ओळ दिसली, की पाठवणाऱ्याला एवढंच विचारून बघा. "खोटं असलं, तर मार कुणाला बसेल?"