मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

आमच्या आळीतला एक मुलगा गेल्या जानेवारीत शिकायला लंडनला गेला. विमान दुपारी दोनला सुटणार आणि साडेसहाला उतरणार, असे तिकिटावर छापलेले. साडेसात झाले, आठ झाले, फोन नाही. नऊ वाजता त्याची आई देवापुढे जाऊन बसली. घरात कोणी जेवले नाही. अखेर रात्री साडेबाराला फोन वाजला. "आई, पोहोचलो. इथे आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत."

तिकीट खोटे नव्हते. उतरण्याची वेळ नेहमी तिथल्या घड्याळाची लिहितात. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असते, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपल्याकडे ही भानगड नाही, हे बरेच आहे. तेव्हा साडेसहात साडेपाच मिळवा, रात्रीचे बारा होतात. म्हणजे प्रवास दहा तासांचा.

अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तसे दहा एकापुढे एक जोडा. हे अंतर मात्र भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून मोजू नका. घरातला गोल भोपळा घ्या, दोन खुणा करा आणि त्यांच्यामध्ये सुतळी ताणून धरा. ती जिथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. मुंबई-लंडनची अशी सुतळी इराण आणि कॉकेशस पर्वतावरून जाते. विमान नेमके तिच्यावरूनच जाईल असे नाही. खाली कुठे लढाई पेटली की त्या देशावरचे आकाश बंद होते, आणि वळसा पडून वेळ वाढतो.

येताना मात्र तासभर कमी लागतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर. उफणणीला वाऱ्याकडे पाठ करून उभे राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पूर्वी याला दहा तास कुठले! ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. त्यात जे. आर. डी. टाटा स्वतः होते. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत ते १० जूनला पोहोचले. तरी बोटीच्या आठवड्यांपुढे लोकांना ते नवलच वाटले.

आता परतीचा हिशेब. हिवाळ्यात लंडनहून रात्री नऊला सुटले, तर आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. त्यात नऊ तास मिळवा, सकाळचे साडेअकरा. मुंबईला आणायला जाणाऱ्यांनी त्याआधी दारात ताटकळू नये. तपासणी आणि सामान यांत पुढे तासभर जातोच. डबा मात्र सोबत न्यावा.