तावीज मुठीत

मुलाला एमआरआयला न्यायचं झालं की घरचे सांगतात, "कुछ नहीं, फोटो निकालना है." आम्हां उर्दू शाळेतल्या शिक्षकांना ही थाप पटत नाही. दुखत नाही हे खरं. पण बोगद्यात एकटं पडायचं, कानाशी धडधड, आणि हलायचं नाही. हललं की चित्र पुसट. लहानग्यांना गुंगीचं औषध देतात ते त्यासाठीच.

तिसरीतल्या एका मुलीचा एमआरआय ठरला तेव्हा आम्ही तिला बाकाखाली निजवून डबा बडवला, 'स्टॅच्यू' म्हटलं. हसू दाबत पडून राहिली! अडलं ते ताविजापाशी. अम्मी काढू देईनात. यंत्रातला जबर चुंबक ताविजाची पत्र्याची डबी खेचेल, हे शेवटी पोरीनंच समजावलं : "अम्मी, तुम बाहर मुठ्ठी में पकडके बैठो."

माहितीपत्रक मिळालं ते इंग्रजीत. आम्ही चार चित्रं काढली, खाली उर्दू ओळी लिहिल्या, वर्गात लावली.