चार परस पाणी

कला शाखेच्या वार्षिक अंकात पाण्याच्या पंपावर लेख कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की आमच्या घरी पुस्तके नव्हती, पंप होता. कॉलेजात येणारी मी घरातली पहिलीच. त्याआधी घरात ज्या एका विषयावर जाणकारीने आणि तावातावाने बोलणे होत असे, तो विषय म्हणजे विहिरीतले पाणी वर कसे आणायचे.

चणकापूरचे धरण 1911 सालचे. गिरणेच्या त्या पाण्यावर कालव्याखालची रानेच्या राने हिरवी राहतात. आमचे शेत पडले कालव्याच्या वरच्या अंगाला, तेव्हा सगळी भिस्त विहिरीवर. आबांच्या वेळी तिच्यावर मोट होती. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, आणि मोट काठाशी आली की सोंदूराने धरलेली सोंड थारोळ्यात मोकळी होई. या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र सरळ होती : पाणी भांड्यात भरायचे आणि दोरीने ओढून काढायचे. विहीर पाच परस असो की दहा परस, नाडा लांब हवा आणि बैल तगडे हवेत. (परस म्हणजे उभ्या माणसाची उंची, साधारण सहा फूट. आमच्याकडे विहिरी अजून परसानेच मोजतात.)

पुढे ऑइल इंजिन आले. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली निघाली, आणि नंतरच्या काही दशकांत मोटेची गाणी जाऊन शिवारात इंजिनाची भकभक ऐकू येऊ लागली. बैल सुटले. पण बैलाला न पडणारी एक अडचण पंपाला पडली. पाणी चार परसांच्या खाली गेले की काठावरचा पंप नुसताच फिरे, पाणी येत नसे. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यावर एकच सांगत : “त्याले दम लागना.” उपाय एकच, पंप पाण्याजवळ न्यायचा. इंजिन विहिरीत उतरवावे तर धूर आत कोंडतो. त्यापायी माणसे गुदमरून मेलेली आहेत. वीज आली तेव्हा कुठे विहिरीच्या पोटात ओटा बांधून त्यावर मोटर बसली.

चार परसच का? तीन का नाही, सात का नाही? हा प्रश्न मला दारे धरताना कित्येकदा पडला. त्याचे उत्तर मला विज्ञानाच्या इतिहासात सापडले. गॅलिलिओच्या 1638 सालच्या ग्रंथात असाच एक पंप आहे. तो पाणी ओढीना म्हणून मेस्त्रीला बोलावले, तर मेस्त्री म्हणाला की पंपात बिघाड नाही, पाणीच फार खाली गेले आहे. अठरा हातांच्या वर ते अशा पंपाने केसभरही चढणार नाही. (त्यांच्याकडचा हात आपल्या हातापेक्षा थोडा लांब.) हे वाचताना मला दादाच आठवले. त्या मेस्त्रीला आकडा ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. आणि गंमत म्हणजे गॅलिलिओलाही ते नीट सापडले नाही. लांब दोर जसा स्वतःच्याच भाराने तुटतो तसा पाण्याचा खांब तुटत असावा, अशी त्याची अटकळ होती.

खरे कारण तोरिचेल्लीने 1643 साली दाखवले. पाण्याऐवजी पारा घेतला तर तो नळीत सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. गुणाकार केला की पाण्याचे दहा मीटर निघतात. म्हणजे पंप पाणी ओढतच नाही! तो फक्त नळीतली हवा काढतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची जी हवा बसलेली असते ती पाण्याला नळीत वर ढकलते. हवेचे बळ दहा मीटरला संपते. पास्कालने 1648 साली आपल्या मेहुण्याला पारा घेऊन डोंगरावर चढायला लावले, तेव्हा वर पारा उतरलेला दिसला. आपले कळवणही समुद्रापासून बरेच उंच आहे, म्हणजे आपल्या वाट्याला मुळातच थोडी कमी हवा. त्यातून नळीचे घर्षण, बाक आणि फूटवाल वजा करा; हाती सात मीटर उरतात. दादांचे चार परस ते हेच.

आमच्याकडे पंप पाणी सोडतो तेव्हा “पंपनी हवा धरी” असे म्हणतात. हे तीन शब्द शास्त्राला अगदी धरून आहेत. पंपातले चाक पाण्याला गरागरा फेकते. पण हवा पाण्याच्या सुमारे आठशे पट हलकी, तिला फेकून जोर कुठून येणार? म्हणून सुरू करण्याआधी पंप पाण्याने भरायचा. फूटवाल गळत असेल तर त्या पाण्यात शेण कालवायचे. हे काम मी सातवीपासून करते.

आधी हात शिकतो, मग डोके, असे यंत्रांच्या बाबतीत पुष्कळदा घडलेले दिसते. न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन 1712 साली खाणीतले पाणी उपसू लागले. उष्णतेतून काम किती काढता येईल याचा विचार कार्नोने मांडला 1824 साली. पुढे ओळ उलटली. डीझेलने कार्नोचे शास्त्र आधी अभ्यासले आणि 1897 मध्ये इंजिन चालवून दाखवले.

आता पाणबुडी मोटर आली आहे. ती तळाशी बसून पाणी खालून वर ढकलते, तेव्हा हवेच्या दहा मीटरांशी तिचा संबंधच उरला नाही. जुना पंप चार परसांवर आपोआप थांबे, आणि त्याच्याबरोबर आम्हीही थांबत होतो. या मोटरीला थांबवणारा फक्त पैसा. शेजारच्या मळ्यात बोअर झाले, त्यानंतर चैत्रात आमच्या विहिरीचे पाणी लवकर उतरू लागले. बोअर करणारे म्हणतात, तीनशे फूट घ्या. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात साठ मीटर, म्हणजे दोनशे फुटांपासून पुढे ‘खोल विहीर’ धरली आहे. दोनशे फुटांखाली काळ्या कातळात पाणी आहे की नाही हे पाणाड्या नारळ तळहातावर धरून सांगतो. त्यावर माझा विश्वास नाही, दादांचा अर्धा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून आहे. तिच्या लोकांना आधी दाखवू, असे मी म्हटले. कर्ज काढायचे ते त्यानंतर.

दादांनी अजून होकार दिलेला नाही. परवा त्यांनी विहिरीत दोरी सोडून ओली खूण मोजली. ओट्यापासून पाणी साडेतीन परस खाली होते. कांद्याला अजून दोन पाण्या द्यायच्या आहेत.