पडवीचे स्क्रू

२०२०च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनकडच्या आमच्या घराची पडवी उडवली. पास काढून मुंबईहून पोहोचलो तेव्हा अम्मी आतल्या खोलीत, गळत्या छपराखाली बसली होती. अंगणात पडलेले वासे पाहिले. लाकूड शाबूत होतं, खिळे तेवढे उपसून आले होते.

मिस्त्रींनी या वेळी कोच स्क्रू मागवले. १० मिलिमीटर जाड, षटकोनी डोक्याचे. किंमत ऐकून मी कुरकुरलो.

"भाई, खिळा लाकडात नुसता दाटीने बसतो. वाऱ्याने छप्पर खालून उचललं की सटकतो. याचे आटे लाकूड धरून ठेवतात."

आभाळ भरून आलं होतं. मिस्त्री जेवायला गेले तेवढ्यात मी शहाणपणा करून दोन स्क्रू हातोडीने ठोकले. परत आल्यावर त्यांनी एक बोटांनीच फिरवला आणि भुशासकट काढून माझ्या तळहातावर ठेवला. ठोकून आतलं लाकूडच फाटलं होतं. आटे धरणार कशाला?

मग जागा बदलून त्यांनी नीट करून दाखवलं. वाशाला १० मिलिमीटरचं आरपार भोक, खालच्या तुळईला ७ मिलिमीटरचं. आटे रुततात ते फक्त तुळईत, आणि डोकं वाशाला तिच्यावर आवळतं. आट्यांना थोडा साबण, डोक्याखाली रुंद वायसर, मग पान्हा. वायसर घट्ट बसला की थांबायचं.

"लाकूड वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात एकदा बघा," जाताना म्हणाले.

आता मे महिन्यात गावी गेलो की अम्मी चहाच्या आधी पान्हा पुढे करते.